अननुभाषण : फॉर्म आपलं म्हणणं का विसरतो

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. वेबसाइटवरच्या फॉर्मबद्दल तुम्ही काय सांगणार?" शंका रास्त आहे. मी प्रोग्रामर नाही. निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याकडून थोडी पीएचपी शिकलो, तीही वाचता येण्यापुरती. लिहायला बसलो की ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरतो आणि सगळं पान बंद पडतं. पण आज घेतलेला प्रश्न माझ्या अंगणातला आहे. तुम्ही पंधरा रकान्यांचा फॉर्म भरता, 'सादर करा' दाबता, एका रकान्यात काहीतरी चुकलेलं असतं, आणि पान परत येतं ते कोरं. उरलेले चौदा रकाने बरोबर होते. ते कुठे गेले?

न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात निग्रहस्थानं सांगितली आहेत. वादात माणूस हरला असं कुठे कुठे मानायचं, त्या या जागा. एकूण २२. त्यांतलं एक आहे अननुभाषण. वादीने आपलं म्हणणं तीनदा मांडलं, सभेला ते समजलं, आणि तरीही प्रतिवादीला ते परत उच्चारून दाखवता आलं नाही, तर प्रतिवादी हरला. त्याचं खंडन बरोबर की चूक हा प्रश्नच येत नाही, कारण ज्याचं खंडन करायचं तेच त्याच्या हाती नाही. कोरा परत आलेला फॉर्म मला अननुभाषणाचा अगदी शुद्ध नमुना वाटतो. "तुमचं चुकलं" असं तो बजावतो, पण तुम्ही काय म्हणालात हे त्याला सांगता येत नाही. फरक एवढाच, की गौतमांच्या सभेत हार प्रतिवादीची होते, इथे दंड वादीला बसतो. पुन्हा लिहा म्हणे.

आता हे घडतं कसं ते थोडक्यात बघू, म्हणजे पुढची टीका हवेत राहणार नाही. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्याला एचटीटीपी म्हणतात. त्याच्या रचनेतच असं ठरलेलं आहे की प्रत्येक विनंती स्वतंत्र. मागच्या क्षणी काय बोलणं झालं याची आठवण ठेवणं हे त्या नियमांचं काम नाही. तुम्ही फॉर्म पाठवता, सर्व्हरवरची स्क्रिप्ट तो उघडते, तपासते, आणि उत्तर म्हणून एक नवं पान तयार करते. तुमच्या डोळ्यांना ते 'तेच पान' वाटतं. पण ते तेच नसतं, पहिल्यासारखं दिसणारं दुसरं असतं. बौद्धांच्या क्षणभंगवादाची ज्यांना ओळख आहे त्यांना हे नवं वाटायचं नाही. त्या नव्या पानावर तुमचे शब्द हवे असतील तर स्क्रिप्टने ते हाताने तिथे परत मांडावे लागतात. साध्या रकान्यात 'व्हॅल्यू' या गुणधर्मात, मोठ्या मजकुराच्या चौकटीत सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणांच्या मधोमध, यादीतल्या निवडीला 'सिलेक्टेड' लावून, टिकच्या चौकटीला 'चेक्ड' लावून. कोणी मांडले नाहीत तर पान कोरं. म्हणजे विसरणं ही इथली सहजस्थिती आहे आणि आठवण ठेवायला कष्ट करावे लागतात.

इथवर दोष कोणाचाच नाही. टीका सुरू होते ती पुढे. हे कष्ट करायचे की नाहीत, याला या क्षेत्रात 'सोय' समजलं जातं. इंग्रजीत असल्या फॉर्मला 'स्टिकी' म्हणतात, म्हणजे चिकट. शब्दच बघा कसा आहे! जणू तुमचे शब्द ही पानाला लागलेली खळ. मी सुरुवातीला जी दोन-तीन शिकाऊ पुस्तकं वाचली त्यांत आधी तपासणी होती, मग डेटाबेस, मग सुरक्षा, आणि रकाने परत भरण्याचा मजकूर कुठेतरी शेवटी, 'आणखी सुधारणा' या मथळ्याखाली. गंमत अशी की जी भाषा ती पुस्तकं शिकवत होती तिचा जन्मच फॉर्मसाठी झालेला आहे. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी जगापुढे आणली, आणि तिच्या सुरुवातीच्या एका आवृत्तीचं नाव होतं पीएचपी-एफआय. त्यातल्या एफआयचा अर्थ 'फॉर्म्स इंटरप्रिटर', फॉर्मचा अर्थ लावणारा. मीमांसेच्या विद्यार्थ्याला विचारा, अर्थ लावणाऱ्याचं पहिलं काम काय? वाक्य जसं आहे तसं समोर ठेवणं.

माझं म्हणणं असं आहे. भरलेलं परत देणं ही सोय नाही. कोणाचं म्हणणं नाकारायचं असेल तर ती त्याची पूर्वअट आहे. हे पटायला तीन-चार बारकावे बघावे लागतील. विषय रंजक तिथेच होतो.

पहिला बारकावा टिकच्या चौकटीचा. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण हा अभावाचा प्रश्न आहे आणि अभावावर माझं अर्धं आयुष्य गेलं. समजा फॉर्मच्या तळाशी एक चौकट आहे, 'मला जाहिरातींचे संदेश पाठवा'. ती आधीपासूनच टिक केलेली आहे, कारण कंपनीला तसंच हवं असतं. तुम्ही सावध माणूस. टिक काढता. फॉर्म पाठवता. आता ऐका. टिक असलेली चौकट ब्राउझर सर्व्हरला पाठवतो, पण टिक नसलेली चौकट तो पाठवतच नाही. 'नाही' असं उत्तर जात नाही, काहीच जात नाही. सर्व्हरवर पोचतं ते निव्वळ मौन. तुमच्या मोबाइल क्रमांकात एक आकडा कमी पडला म्हणून पान परत येतं. स्क्रिप्ट बघते, या चौकटीबद्दल काही आलेलं नाही, म्हणजे माणूस पहिल्यांदाच आलेला दिसतो, तर मूळची टिक लावून द्या. तुम्ही मोबाइल क्रमांक दुरुस्त करता, बाकीचं पुन्हा कशाला बघायचं म्हणून पाठवता. झाली तुमची संमती.

यात कोणी बदमाशी केली असंही म्हणता येत नाही. पण नकाराचं मौनात रूपांतर झालं आणि मौनाचं होकारात. वैशेषिकांनी अभावाला उगाच वेगळा पदार्थ मानलेलं नाही. नैयायिक सांगतात, अभाव नुसता कधी कळत नाही. 'जमिनीवर घडा नाही' हे कळायला घडा माहीत असावा लागतो. ज्याचा अभाव, तो त्या अभावाचा प्रतियोगी. स्क्रिप्टला प्रतियोगीच दिलेला नाही. त्या माणसाला चौकट दाखवली होती का, हे तिला ठाऊक नाही, म्हणून तिला 'विचारलं नाही' आणि 'नाही म्हणाला' यांतला फरक कळत नाही. यावरचा उपाय तर इतका सोपा आहे की हसू येतं. चौकटीच्या आधी त्याच नावाचा एक लपलेला रकाना ठेवायचा आणि त्यात शून्य घालायचं. टिक नसेल तर निदान शून्य पोचतं. रेल्स नावाच्या व्यवस्थेत हे आपोआप केलं जातं. किंवा स्क्रिप्टने एवढंच पाहायचं, की ही विनंती पान मागायला आली आहे की भरलेला फॉर्म घेऊन आली आहे. दोन ओळींचं काम.

शून्य म्हटल्यावर आठवलं. पीएचपीत 'एम्प्टी' नावाची तपासणी आहे, रकाना रिकामा आहे का हे विचारणारी. शून्य हा आकडा लिहिला तर तिच्या मते रकाना रिकामा. 'अवलंबून व्यक्तींची संख्या' यापुढे एखादी एकटी राहणारी बाई शून्य लिहिते. फॉर्म म्हणतो, हा रकाना भरा. पुन्हा शून्य लिहिते. पुन्हा तेच. तिने उत्तर दिलेलं आहे हो! ज्या देशाने शून्याला संख्या म्हणून वागवायला शिकवलं तिथे हे व्हावं. आणखी एक मजा. तिने देवनागरी शून्य लिहिलं तर 'एम्प्टी'ला ते रिकामं वाटत नाही, पण पुढची तपासणी म्हणते ही संख्याच नाही. (हशा)

दुसरा बारकावा सुरक्षेचा, आणि इथे मला प्रोग्रामरांची बाजू घ्यायची आहे. मी भाबडेपणाने म्हणत होतो, माणसाने जे लिहिलं ते तसंच्या तसं पानावर परत द्या. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, तसंच्या तसं दिलंत तर घात होईल." कारण कोणी रकान्यात मजकुराऐवजी एचटीएमएलच्या खुणा किंवा स्क्रिप्ट लिहिली, तर परत आलेल्या पानावर ब्राउझर ती वाचणार नाही, तो ती पाळेल. मग कोणी तुम्हाला अशी लिंक पाठवू शकतो की तुमच्याच खात्यात शिरून तुमच्याच नावाने भलतं काम होईल. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट या केंद्राने याबद्दल २००० सालच्या फेब्रुवारीत जाहीर इशारा दिला होता. उपाय असा, की परत देताना कोनी कंस, अवतरणचिन्हं वगैरे खुणांच्या जागी त्यांची सांकेतिक रूपं लिहायची. पीएचपीत यासाठी 'एचटीएमएल स्पेशल कॅर्स' नावाचं फंक्शन आहे. पडद्यावर तुम्हाला तुमचीच अक्षरं दिसतात, पण ब्राउझर त्यांना आज्ञा समजत नाही.

हे ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. फ्रेगे आणि क्वाइन शिकवताना पहिल्या वर्षाच्या वर्गात मी तीस वर्षं हेच सांगत आलो होतो, शब्दाचा उपयोग वेगळा आणि शब्दाचा उल्लेख वेगळा. 'पुणे मोठं आहे' यात शहराबद्दल बोलतो आहोत, 'पुणे हा दोन अक्षरी शब्द आहे' यात शब्दाबद्दल. मधे अवतरणचिन्ह असतं, लिहिलेलं किंवा मनातलं. परत भरलेल्या रकान्यात माणसाचे शब्द उल्लेख म्हणून आले पाहिजेत, उपयोग म्हणून नाही. पूर्वपक्ष मांडणारा असंच करतो. समोरच्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगतो, पण स्वतः ते म्हणत नाही.

आणि अवतरणचिन्ह लावायचं कुठे? जिथे उद्धृत करतो तिथे, त्याच क्षणी. मूळ वाक्यात ते घुसडायचं नाही. पीएचपीने बराच काळ नेमकं हेच केलं. 'मॅजिक कोट्स' नावाची सोय होती. बाहेरून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हापुढे ती आपोआप एक उलटी तिरकी रेघ लावायची, डेटाबेसला धोका नको म्हणून. वसईतला किंवा गोव्यातला एखादा डिसोझा आपलं आडनाव रोमन लिपीत लिहिताना डी नंतर वर ते टिंब देतो ना, त्याच्यापुढे रेघ. फॉर्म चुकला, परत आला, आता आडनावात रेघ दिसते. त्याने ती न बघता पुन्हा पाठवला तर आणखी रेघा. प्रत्येक फेरीला माणसाचं नाव थोडं थोडं खराब होत जातं. २०१२ मध्ये ५.४ या आवृत्तीत ही जादू काढून टाकली. उशिरा का होईना.

तिसरा बारकावा आपल्या भाषेचा. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात काने-वेलांट्या धरून पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. 'कमाल ५०० अक्षरं' असं लिहिणाऱ्याने जर बाइट मोजले असतील, तर मराठी माणसाला जेमतेम पावणेदोनशे अक्षरं मिळतात. त्याहून वाईट पुढे आहे. जुन्या स्क्रिप्टा पाचशेवा बाइट आला की सरळ कापतात. कात्री एखाद्या अक्षराच्या मधेच पडते. मग तो मजकूर मघाच्या सुरक्षेच्या फंक्शनकडे जातो. त्याला शेवटी अर्धं तुटलेलं चिन्ह दिसतं, आणि सगळा मजकूर अवैध ठरवून ते रिकामं उत्तर परत देतं. एका तुटक्या वेलांटीपायी अख्खा परिच्छेद जातो, आणि चूक झाली असं कुठे लिहूनही येत नाही. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ८.१ या आवृत्तीपासून मूळ वर्तन बदललं आहे. आता तुटलेल्या जागी एक बदली चिन्ह येतं आणि बाकीचा मजकूर वाचतो. पण जुन्या आवृत्तीवर चालणारे फॉर्म आजही आहेत. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा अनुभव सहसा येतच नाही, म्हणून चाचणी करणाऱ्याच्या तो ध्यानात येत नाही.

आता मला एक प्रसंग सांगू द्या. इतका वेळ तांत्रिक बोललो, पण माझं हे सगळं तिथून सुरू झालं. आमच्या इमारतीत एक वहिनी राहतात. यजमान गेल्यावर त्यांचं कुटुंबनिवृत्तिवेतन अडकलं होतं. तक्रार ऑनलाइनच करायची. त्या सांगत होत्या, मी टाइप करत होतो. दीड तास लागला. कुठल्या तारखेला गेल्या, कुठल्या खिडकीवर, कोण काय म्हणालं, पावसात दोनदा गेल्या तेव्हा खिडकी जेवणाच्या वेळेआधीच बंद होती, तिसऱ्यांदा एकाने सांगितलं की कागद दुसऱ्या मजल्यावर आहे आणि दुसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही. बोलता बोलता त्यांना जास्तच आठवत गेलं. मी पाठवलं. पान परत आलं. पिनकोडमध्ये मी तीन आकड्यांनंतर जागा सोडली होती, जशी आपण पाकिटावर सोडतो. ती चालत नव्हती. आणि बाकी सगळे रकाने कोरे. मागे जायचं बटण दाबून पाहिलं, तर पानाची मुदत संपली असं आलं.

मी म्हटलं, वहिनी, पुन्हा लिहू. त्या म्हणाल्या, "जाऊ दे सर, थोडक्यात लिहा." दुसऱ्या वेळी जी तक्रार गेली तिच्यात चार ओळी होत्या. 'अनेकदा चकरा मारूनही काम झालेले नाही' असं एक वाक्य होतं. खिडकी नव्हती, पाऊस नव्हता, तारखा नव्हत्या. त्या कार्यालयाच्या नोंदीत आज जे आहे ते एवढंच. कोणी अधिकारी ते वाचेल तेव्हा त्याला वाटेल, बाईंची तक्रार मोघम आहे.

गेलेली माहिती पुन्हा भरता येते, असं जेव्हा म्हणतात तेव्हा माहिती म्हणजे नाव, पत्ता, क्रमांक असं त्यांच्या डोक्यात असतं. ते खरोखर पुन्हा भरता येतं, वेळ गेला एवढंच. साक्षीचं तसं नाही. दुसऱ्यांदा सांगितलेली हकीकत पहिलीची प्रत नसते. ती थकलेली असते. न्यायशास्त्रात पुनरुक्त हेही एक निग्रहस्थान आहे. विनाकारण तेच पुन्हा बोलणारा हरतो. अनुवाद म्हणून, म्हणजे काही हेतूने पुन्हा म्हटलं, तर तो दोष नाही. फॉर्म आपल्याला बिनहेतूच्या पुनरुक्तीत ढकलतो आणि मग आपली बाजू लंगडी पडते.

मुदत संपण्याबद्दलही दोन शब्द. लॉगिन केल्यावर सर्व्हर तुमच्याबद्दल जी तात्पुरती वही ठेवतो तिला सेशन म्हणतात. पीएचपीत तिचं मूळ आयुष्य १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. तेवढ्या वेळात तुमच्याकडून हालचाल नसेल तर ती वही कचरा समजून टाकायला मोकळीक. त्या सेटिंगच्या नावातच कचरा हा शब्द आहे. आकडा बदलता येतो, पण बदलतो कोण? बँकेच्या व्यवहाराला २४ मिनिटंही जास्त होतील. दीड तासाच्या तक्रारीला ती कशी पुरतील? सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत २००८ पासूनच लिहिलं आहे की सेशन संपून पुन्हा लॉगिन करावं लागलं तरी माणसाचं काम वाया जाऊ नये. फार चांगलं. पण तो निकष ठेवला आहे सर्वांत वरच्या, तीन ए च्या पातळीवर, जिथपर्यंत जाण्याची सक्ती क्वचितच कोणावर असते. २०२३ च्या २.२ आवृत्तीत एक पाऊल पुढे पडलं. एकाच प्रक्रियेत एकदा दिलेली माहिती पुन्हा लिहायला लावू नये, हा निकष सर्वांत खालच्या, अनिवार्य म्हणाव्या अशा एक ए पातळीवर आला. हळू शिकणारा, थरथरत्या हाताचा, कमी दिसणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवला की हे आपोआप सुचतं. वेगाने टाइप करणाऱ्याला सुचत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्ट तपासते, पान परत येण्याची वेळच येत नाही. काही अंशी खरं. पण ब्राउझरमधली तपासणी कोणालाही टाळता येते, त्यामुळे सर्व्हरला पुन्हा तपासावंच लागतं, आणि सर्व्हरने नाकारलं की आपण पुन्हा पहिल्या प्रश्नाशी येतो. उलट आजच्या साधनांत हे काम फार सोपं झालं आहे. लॅराव्हेलमध्ये नाकारलेला फॉर्म परत पाठवताना भरलेलं सोबत द्यायला एक शब्द पुरतो आणि रकान्यात ते मांडायला 'ओल्ड' नावाचं छोटं फंक्शन आहे. इतकं स्वस्त झाल्यावरही जो करत नाही त्याची अडचण तांत्रिक नाही.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. सगळंच परत देऊ नये. पासवर्ड परत देऊ नये, कार्डाचा क्रमांक देऊ नये. सायबर कॅफेतल्या यंत्रावर पुढच्या गिऱ्हाइकाला मागचं पान दिसू शकतं. जोडलेली फाइल तर ब्राउझर परत भरूच देत नाही, आणि ते योग्य आहे, नाहीतर कुठलंही पान तुमच्या संगणकातली हवी ती फाइल गुपचूप मागून घेईल. तिथे सर्व्हरनेच फाइल तात्पुरती सांभाळून 'ही मिळाली आहे' असं सांगायचं. आणि मी 'सादर करा' दाबण्याआधीच माझं अर्धवट लिहिलेलं कोणी टिपून ठेवत असेल, तर ते मला सांगितलेलं असावं. वहिनींनी बोलताना दोन नावं घेतली होती आणि मग म्हणाल्या, ती काढा. ती नावं कोणाच्याही सर्व्हरवर राहायला नको होती.

मला दिलेला वेळ संपला आहे. तिसऱ्या रांगेतल्या बाई मघापासून हात वर करून आहेत, त्यांचा प्रश्न आधी घेऊ. जरा मोठ्याने विचारा हं, म्हणजे उत्तर देण्याआधी मला तो परत म्हणून दाखवता येईल.